जुनी जीप पुन्हा उभी करताय? या चुका टाळा

महाराष्ट्रात जुनी जीप बहुधा तीन ठिकाणी सापडते: सरकारी खात्याच्या लिलावात, एखाद्या बागायतदाराच्या गोठ्यामागे, किंवा कोणीतरी हौसेने खोलून अर्धवट सोडून दिलेल्या अवस्थेत, सुटे भाग पोत्यांत भरलेले. ही तिसरी जीप सगळ्यात स्वस्त मिळते आणि पुरी होईपर्यंत सगळ्यात जास्त पैसे खाते. तिच्या आधीच्या मालकाचं बहुतेक वेळा पैशावाचून किंवा हौसेवाचून अडलेलं नसतं. त्याचा कामाचा क्रम चुकलेला असतो. आधी रंग, मग टायर, मग दिवे, आणि ब्रेक-स्टीअरिंगपर्यंत पोचायच्या आत दम संपलेला. या लेखात मी मुख्यतः विलीज (मूळ जीप बनवणारी अमेरिकन कंपनी) पठडीतल्या जीपबद्दल बोलतोय. महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत ज्या जोडायला सुरुवात केली त्या जीप, नंतरची उंच बॉनेटची सीजे-३बी आणि तिच्या वंशातल्या एमएम ५४० सारख्या गाड्या. तहसील, वनखातं, साखर कारखाना, सगळीकडे याच धावल्या, त्यामुळे आपल्याकडे हौशी माणसाच्या हाती याच लागतात.

मूळ रूप की बदल, हे आधी ठरवा

हा निर्णय पाना हातात घेण्यापूर्वीचा आहे, कारण त्यात कायदाही येतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला चालत नाही आणि अशी गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे १९६० च्या दशकातल्या सीजे-३बीचं हरिकेन इंजिन उपटून तिथे आजचं डिझेल इंजिन बसवलं, की हा दरवाजा बंद झाला.

बदलच करायचे असतील तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घ्या. आरसी बुकात नोंदलेली वैशिष्ट्यं कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत होतील असे बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी, काम नंतर. गॅरेजवाला ‘नंतर बघू’ म्हणाला तर काम थांबवा; पासिंगच्या वेळी तो तुमच्या शेजारी उभा नसतो.

आणखी एक गोष्ट, जी मला मनापासून खटकते. जिल्हा परिषदेत आयुष्य काढलेल्या सीजे-३बीला हिरवा रंग, पांढरा तारा लावून ‘दुसऱ्या महायुद्धातली जीप’ म्हणून विकतात. घेणाऱ्याने पुढच्या जाळीच्या उभ्या फटी मोजाव्यात. युद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूला नऊ, त्यानंतरच्या नागरी जीपना सात. एमबीच्या चॅसिसची पुढची आडवी दांडी गोल नळीची असते, जीपीडब्ल्यूची तशी नसते, आणि फोर्डच्या कितीतरी भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही ‘एफ’ ठोकलेला सापडतो. सीजे-३बीचं बॉनेट उंच आहे ते आतल्या उंच हरिकेन (एफ-हेड) इंजिनामुळे, आणि तीच तिची ओळख आहे. ती पुसून दुसरीची ओळख चढवू नका.

एका रविवारी सगळी जीप खोलणं

खोलायला दिवस पुरतो, जोडायला वर्ष. एका वेळी एकच भाग खोला. सुटण्याआधी चारही बाजूंनी फोटो, मग नट-बोल्ट त्याच भागाच्या पिशवीत आणि पिशवीवर नाव. झिजलेला भाग नवा मिळेपर्यंत जुना भंगारात देऊ नका. नवा आणलेला बसत नाही तेव्हा लेथवाल्याला माप द्यायला तोच लागतो.

विलीज पठडीतल्या जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. हे माहीत नसलेला माणूस पान्याला पाइप लावून जोर करतो आणि स्टड मोडतो. स्टडच्या टोकावर ‘एल’ कोरलेला आहे का, ते आधी बघा.

या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीच्या) मागच्या ड्रमवर काम करतो. मागचा प्रोपेलर शाफ्ट काढला की हँडब्रेक ओढलेला असूनही मागची चाकं मोकळी होतात. शाफ्टला हात लावण्याआधी चाकांना लाकडी ठोकळे लावा. उतारावरच्या अंगणात हे काम करूच नका.

लांबीखाली गंज गाडणं

पेंटर गंजलेल्या जागी लांबी (पुट्टी) भरून देतो, वर चकचकीत रंग मारतो, आणि दोन पावसाळ्यांत फुगे येतात. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर एकच पावसाळा पुरतो. खरेदीच्या वेळी लोहचुंबक सोबत ठेवा. तो चिकटत नाही तिथे पत्र्यावर लांबीचा जाड थर आहे. सडलेला पत्रा कापून नवा वेल्डिंग करणं, यालाच दुरुस्ती म्हणायचं. जमिनीचा पत्रा, त्याखालच्या आडव्या पट्ट्या आणि चॅसिसला पाटे जिथे टांगलेले असतात त्या जागा हातोडीने ठोकून बघा. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर आतून गंजलं आहे.

सँडब्लास्टिंग (वाळूच्या झोताने गंज-रंग काढणं) चॅसिसला उत्तम, पण बॉनेटसारख्या पातळ पत्र्यावर बेताने. जोरात मारलं की पत्रा लाटा घेतो. आणि ग्राइंडर चालवण्याआधी चॅसिस नंबर शोधून झाकून ठेवा. आरटीओत त्याचीच पेन्सिल प्रिंट घेतात. घासून पुसट झालेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय.

स्टीअरिंग थडथडतं, आणि उत्तर म्हणून डँपर बसवला जातो

या जीपचं सर्वांत जुनं दुखणं. ताशी ४०-५० च्या वेगात एक खड्डा लागतो आणि पुढची दोन्ही चाकं थयथयाट सुरू करतात. गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते शमत नाही. लगेच स्टीअरिंग डँपर, म्हणजे स्टीअरिंगचे हादरे शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर, सुचवला जातो. डँपरने लक्षण झाकलं जातं, झीज चालूच राहते.

शोध स्वस्तातून महागाकडे घ्या. आधी चारही टायरची हवा, मग पुढच्या टायरचं बॅलन्सिंग. मग पुढची बाजू जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा आणि चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर एकाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर दोष हबच्या बेअरिंगचा. राहिला तर किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या पिनेवर डावी-उजवीकडे वळतं तिचा. नंतर चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवा. इथला खेळ टाय रॉडच्या (चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्यांच्या) टोकांचा. सीजे-३बीपर्यंतच्या विलीज गाड्यांमध्ये मधोमध बेलक्रँक असतो, म्हणजे स्टीअरिंगची ओढ टाय रॉडना पोचवणारा पिनेवर फिरणारा दांडा. त्याची पिन आणि बेअरिंग झिजलं की बाकी सगळं नवं टाकूनही थडथड जात नाही, आणि तपासायला विसरतात तो नेमका हाच भाग.

किंगपिनचं बेअरिंग बदललं तरी शिमचं (ताण ठरवणाऱ्या पातळ पत्र्याच्या चकत्यांचं) माप चुकलं तर पैसे फुकट गेले. किंगपिनवर ठरावीक ताण हवा. टाय रॉड सुटा करून, अ‍ॅक्सलच्या टोकाच्या गोळ्यावरचं सील ढिलं करून, चाक वळवण्याच्या दांड्याला ताणकाटा अडकवून तो मोजतात. ‘हाताला घट्ट लागतंय’ एवढ्यावर भागवणाऱ्या मिस्त्रीकडे हे काम देऊ नका.

इतकं करूनही थडथड उरली तर कॅस्टरकडे, म्हणजे किंगपिनच्या मागे झुकलेल्या कोनाकडे, वळा. उंची वाढवायला लांब शॅकल (पाटे टांगणाऱ्या पट्ट्या) किंवा जाड पाटे टाकले की पुढच्या अ‍ॅक्सलचा कोन बदलतो. पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर घालून तो परत आणता येतो, पण आधी मोजून.

नऊ इंची ड्रमवर ३१ इंची टायर

सीजे-३बीचे ब्रेक ड्रम नऊ इंची आहेत आणि मूळ टायर ६.०० बाय १६ चा. त्यावर रुंद, जड टायर चढवले की ब्रेक अपुरे पडतात, पूर्ण वळवल्यावर टायर पाट्याला घासतो, इंजिन चढावर रडतं. मोठे टायर हवेतच, तर ब्रेकचं काम आधी.

जुन्या ब्रेकची यंत्रणा एकाच सर्किटची. एक होस फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून रबरी होस वरून चांगले दिसले तरी सगळे बदला. एखादं चाक गरम होत असेल तर त्या चाकाचा निपल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) उघडा. दाबाने ब्रेक ऑईल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर होस आतून फुगून बंद झालेला असू शकतो. चारही चाकं हळूहळू जाम होत असतील तर पेडलचा मोकळा खेळ बघा. तो शून्य असला की मास्टर सिलिंडरमधलं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, गरम झालेल्या ऑईलला परतीची वाट नसते, आणि घाट उतरता उतरता ब्रेक आपोआप लागतात.

चोकची केबल का तापते?

सेल्फ मारला की इंजिन मंद फिरतं, म्हणून बॅटरी नवी आणतात. फरक पडत नाही. हात लावून बघा, चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल तापलेली असेल. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं; त्याला चॅसिसशी जोडणारी अर्थिंगची पट्टी रंगकामात काढली आणि परत लावलीच नाही, की सेल्फचा करंट सापडेल त्या तारेतून वाट काढतो. खात्री करायची तर सेल्फ मारताना मल्टिमीटर बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि इंजिन ब्लॉकवर ठेवा. बारा व्होल्टच्या गाडीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंग खराब. पट्टी लावताना खालचा रंग खरवडून उघडं लोखंड काढा.

जादा दिवे लावताना रिले आणि फ्यूज हवेतच. मूळ स्विचवरून थेट भार घेतला तर जुन्या कापडी वेष्टनाच्या तारा पेटतात.

तापणारं इंजिन

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय, आणि चुकीचा. त्याने कारण जात नाही. उलट थंडीत इंजिन नीट गरमच होत नाही आणि झीज वाढते. थर्मोस्टॅटची शंका असेल तर गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतो का बघा. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या इंजिनात ब्लॉकच्या वाटांत क्षाराचा थर बसलेला असतो, तो साफ केल्याशिवाय नवा रेडिएटरही निरुपयोगी. सकाळी थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट बघा.

पेट्रोल जीप घाटात बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, याची दोन कारणं सारखीच दिसतात. पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून गाडी लगेच सुरू झाली तर पेट्रोलची वाफ होतेय. नळी एक्झॉस्टपासून दूर न्या. फडक्याने काही झालं नाही तर त्याच वेळी ठिणगी तपासा, कारण तापल्यावर कॉईलही दगा देते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्यात फुगतात, म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी हे दोन भाग इथेनॉल सोसणारे टाका. जीप महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, नाहीतर इथेनॉलने ओढलेलं पाणी तळाशी बसून टाकी गंजवतं.

फोर-व्हीलचा दांडा अडकतो

बहुतेक वेळा ट्रान्सफर केस बिघडलेली नसते. या जीपमध्ये मधला डिफरन्शियल नाही, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरता येत नाही. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून वळलं की पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये पीळ साठतो. थोडं रिव्हर्स घ्या, दांडा सुटतो. सरळ रस्त्यावरही अडकत असेल तर पुढचे आणि मागचे टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले आहेत का ते मोजा. आणि गिअरबॉक्सचं ऑईल कमी व ट्रान्सफर केसचं जास्त दिसलं, तर दोन्हींच्या मधलं सील गेलं आहे; वरून ऑईल भरत राहू नका, सील बदला.