आधी ईमेल सांभाळा, बाकी अकाउंट नंतर

पासवर्ड बदलायचं मनावर घेतलं की बरेच जण बँकेच्या ॲपपासून सुरू करतात, मी म्हणेन आधी ईमेल घ्या. कारण साधं आहे, कुठल्याही साइटवर "पासवर्ड विसरलात?" दाबलं की लिंक येते कुठे तर बहुतेक वेळा ईमेलवरच, म्हणजे ईमेल ज्याच्या हातात गेला त्याला तुमचे बाकीचे पासवर्ड माहीत असायची गरजच नाही.

माझं असंच झालेलं. एक जुनी फोटोंची साइट, तिथे आपलं अकाउंट आहे हेच मी विसरून गेलेलो, तिचा डेटा फुटला आणि तोच पासवर्ड मेललाही होता. कोणी डोकं लावून हॅक वगैरे केलं नाही, फुटलेल्या यादीतून माझा ईमेल आणि पासवर्ड उचलला, दुसरीकडे लावून बघितला, लागला. मी लगेच पासवर्ड बदलून निवांत झालो आणि दोन दिवसांनी कळलं की माझे मेल अजून बाहेर चाललेत, त्या पठ्ठ्याने सेटिंगमध्ये फॉरवर्डिंगला स्वतःचा पत्ता टाकून ठेवलेला! त्यामुळे नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. फॉरवर्डिंग बघा, फिल्टर बघा, रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल आपलाच आहे ना बघा, आणि कुठकुठल्या डिव्हाइसवर लॉगिन आहे ती यादी उघडून अनोळखी दिसेल ते काढून टाका.

आता पासवर्ड कसा हवा. एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह या नियमाने आपण सगळे नावाच्या शेवटी ॲट आणि 123 लावायला शिकलो, आणि हे पासवर्ड फोडणाऱ्यांनाही पाठ आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2017 मध्ये स्वतःच्या सूचना बदलल्या, चिन्हांची सक्ती नको, दर काही महिन्यांनी उगाच बदलायला लावू नका, लांबी वाढवा. हिशोब बघा, आठ छोट्या इंग्रजी अक्षरांचे जवळपास 20,900 कोटी पासवर्ड होतात, ऐकायला भरपूर, पण साइटने पासवर्ड कच्च्या पद्धतीने साठवले असतील तर चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी तपासतं, म्हणजे चहा गार व्हायच्या आत काम तमाम.

त्यापेक्षा डाइसवेअर करा. 7776 शब्दांची यादी असते, फासा पाच वेळा टाकायचा, जो पाच आकडी नंबर येईल त्याच्यापुढचा यादीतला शब्द घ्यायचा, असे सहा शब्द. कंगवा तिरका पाऊस जिना मीठ गोगलगाय, असलं काहीतरी (हे नका वापरू आता, इथे छापून झालं). शक्यता किती, तर 24 आकडी संख्या. शब्द मनाने निवडू नका, मन फिरून फिरून पोरांच्या नावांवर आणि देवावरच येतं. आणि मराठी शब्द घेतले तरी रोमनमध्ये टाइप करा, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर देवनागरी कीबोर्ड नसला तर बोंब.

असे सहा शब्द पाठ करायचे फक्त एकदोन जागांसाठी, ईमेल आणि पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात ठेवणारं ॲप. बाकी सगळं बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी असला मॅनेजर बनवेल आणि लक्षात ठेवेल. "सगळं एकाच जागी ठेवायचं?" असं घाबरून लोक विचारतात, पण पन्नास ठिकाणी एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा ते कधीही बरं, शिवाय नकली साइट असेल तर पत्ता जुळत नाही म्हणून मॅनेजर आपोआप पासवर्ड भरत नाही, तिथेच थबकायचं.

टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं लॉगिन, चालू कराच. एसएमएसवाला ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण कोणी तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं तर तो त्याच्याकडे जातो, म्हणून दर 30 सेकंदांनी कोड बदलणारं ऑथेंटिकेटर ॲप चांगलं. बॅकअप कोड मिळतात ते कागदावर घ्या, फोनच हरवला तर फोनमधला स्क्रीनशॉट काय कामाचा?

राहिलं एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर दुसऱ्या कोणाला वाचता येऊ नये असा कुलूपबंद करणं. ब्राउझरमधलं कुलूप एवढंच सांगतं की वाटेत कोणी वाचत नाहीये, समोरचा भामटा नाही असं ते सांगत नाही. व्हॉट्सॲपचे मेसेज 2016 पासून एंड-टू-एंड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच वाचता न येणारे, आहेत पण क्लाउडवरच्या बॅकअपला ती सोय 2021 मध्ये आली आणि ती आपण स्वतः चालू करावी लागते, सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे. तिथे पासवर्ड ठेवा नाहीतर 64 आकडी किल्ली घ्या, पण ती आणि फोन दोन्ही गेले तर कंपनीही बॅकअप उघडून देऊ शकत नाही, म्हणून किल्ली कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद फोनच्या कव्हरमध्ये नको, माझ्या एका मित्राने नेमका तिथेच ठेवलेला.