पावसात गाडी चालवताना टायरखालच्या पाण्याचा विचार करा

गाडीचा प्रत्येक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढा टेकलेला असतो. पावसात तेवढ्या जागेतलं पाणी बाजूला सारायचं काम टायरच्या खाचा करतात. त्यांना ते जमलं नाही तर ब्रेक कितीही चांगला असो, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असो, गाडी ऐकत नाही. म्हणून तयारी टायरपासून सुरू करा.

खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे आडवे उंचवटे दिसतील. त्यांची उंची १.६ मिमी असते. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला म्हणजे तो बाद. पण पावसासाठी तिथपर्यंत थांबू नका. खोली ३ मिमीच्या खाली गेली की टायर बदलायला काढा, कारण उथळ खाचेतून पाणी वेळेत बाहेर पडत नाही. खोली बाहेरच्या, मधल्या आणि आतल्या अशा तिन्ही खाचांत मोजा. मधला भाग जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जात होती, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी, आणि एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन) तपासून घ्या.

पावसात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते, असं बरेच जण मानतात. डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर हे उलटं आहे. हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा मिटतात आणि पाणी खालीच अडकतं. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर जो आकडा लिहिलेला असतो तेवढीच हवा, टायर गार असताना भरा. दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. पुढच्या टायरची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केला की बहुधा सावरते. मागच्यांची सुटली तर ती गर्रकन फिरते.

वायपरने काचेवर रेघा उमटत असतील किंवा तो थरथरत असेल तर आधी ओल्या फडक्याने रबर पुसा. तरीही फरक पडला नाही तर रबर बदला. काचेवर तेलकट थर बसला असेल तर नवा वायपरही रेघा ओढतो आणि रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश पसरतो. काच क्लीनरने दोन्ही बाजूंनी स्वच्छ करा.

काच धूसर झाली की आधी एकदा वायपर फिरवा. धूसरपणा गेला तर तो बाहेरून आहे: एसीने काच गार पडली आहे, काचेवरचा झोत दुसरीकडे वळवा आणि तापमान वाढवा. गेला नाही तर तो आतून आहे: एसी चालू ठेवा, झोत काचेवर घ्या, तापमान थोडं वाढवा आणि रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) बंद करून बाहेरची हवा आत येऊ द्या. आतून हाताने पुसू नका, डाग राहतात.

बऱ्याच कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल, धूळ आणि रबराची भुकटी पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो. जोराच्या पावसाने तो धुऊन जाईपर्यंत रस्ता सर्वात घातक असतो, आणि पाऊस हलका असल्यामुळे नेमकं तेव्हाच कुणी वेग कमी करत नाही.

पुढच्या गाडीपासून किमान चार सेकंदांचं अंतर ठेवा. ती एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागा. चार सेकंदांच्या आत तुम्ही त्या खांबाशी पोहोचलात तर मागे राहा. ताशी ६० किमीला हे अंतर सुमारे ६७ मीटर होतं. ब्रेक दाबल्यानंतर गाडी जितकं अंतर कापते ते वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणून ८० वरून ६० वर आलात तर तेवढं अंतर जवळजवळ निम्म्यावर येतं.

स्टिअरिंग अचानक हलकं लागलं किंवा रस्त्याचा आवाज बदलला, तर टायर पाण्यावर तरंगतोय. एक्सलरेटरवरून पाय हळूहळू काढा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक मारू नका. चाकं वळलेली असताना पकड परत आली तर गाडी त्या दिशेला झटका खाते. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) पावसात बंदच ठेवा. पुढच्या गाडीच्या चाकांच्या मागावर पाणी कमी असतं, पण रस्त्याला चाकोऱ्या पडून त्यांत पाणी साचलं असेल तर किंचित बाजूने चालवा.

दिवे डिपरवर ठेवा. अप्परचा प्रकाश पावसाच्या थेंबांवरून उलटून डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीत हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावू नका: बहुतेक गाड्यांत मग वळताना इंडिकेटर दाखवता येत नाही. काहीच दिसेनासं झालं तर रस्ता पूर्ण सोडून सुरक्षित जागी थांबा आणि मग हॅझर्ड लावा.

साचलेल्या पाण्यात शिरण्याआधी समोरून जाणाऱ्या गाडीची चाकं बघा. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत येत असेल तर मागे फिरा. ३० सेमी पाण्यात लहान गाडी तरंगू लागते. वाहतं पाणी उथळ दिसलं तरी त्यात गाडी घालू नका, खालचा रस्ता खचलेला असू शकतो. साचलेल्या पाण्यातून जावंच लागलं तर पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने, मध्ये न थांबता, आणि समोरची गाडी पार झाल्यावरच. सायलेन्सरमध्ये पाणी जाईल या भीतीने वेगात जाणारे पुढे लाट उठवतात आणि ती एअर इनटेकपर्यंत, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या तोंडापर्यंत, पोहोचते.

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून किंवा टो करून बाहेर काढा आणि मेकॅनिकला इंजिन तपासू द्या. पाण्यातून सुखरूप निघालात तर मागे कुणी नाही हे बघून, हळू चालवत ब्रेक तीन-चार वेळा हलके दाबा. ओले पॅड कोरडे होईपर्यंत वेग वाढवू नका.

दुचाकीवर पांढरे पट्टे, मॅनहोलची झाकणं आणि लोखंडी जाळ्या सरळ पार करा, त्यांवर ब्रेक मारू नका आणि गाडी कलती करू नका. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाब वाढवत वापरा. घरी आल्यावर चेन पुसून तेल घाला, नाहीतर गंज चढतो.