सही आणलीत का? थायलंडला डुबकी मारायला निघण्याआधी

मागच्या खेपेला मी सगळं नेलं होतं. मोबाइलचा वॉटरप्रूफ पाउच, पटकन वाळणारे टॉवेल, मेहुण्याने सांगलीहून आणलेलं भडंग, सगळं. नव्हता तो एक कागद. त्यामुळे सिमिलन बेटांपाशी बायको आणि मेहुणा बारा मीटर खाली गेले, आणि मी लाइफ जॅकेट घालून वर तरंगत त्यांचे बुडबुडे बघत बसलो. बुडबुडे खालून निघतात तेव्हा गोट्यांएवढे असतात, वर येईतो बशीएवढे होऊन तोंडाशी फुटतात. हे निरीक्षण मला पाऊण तास करता आलं.

तेव्हा बाकीची यादी नंतर, आधी हे: स्कूबा डायव्हिंगच्या मेडिकल फॉर्मवर डॉक्टरची सही घरूनच घेऊन निघा.

फॉर्म जगभरातल्या डायव्हिंगच्या दुकानांत जवळपास एकच चालतो. पहिल्या पानावर १० प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. सगळीकडे ‘नाही’ असेल तर स्वतःची सही ठोकून मोकळे. दुसरा प्रश्न वयाचा: ४५च्या वर आहात का? हो म्हटलं की पुढच्या पानावरचे पोटप्रश्न येतात, सिगारेट, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, घराण्यात कुणाला हृदयविकार. पण ३, ५ आणि १० या तीन प्रश्नांना पोटप्रश्नसुद्धा नाहीत. हो म्हटलंत की थेट डॉक्टर. ३ म्हणजे साध्या मेहनतीने दम लागतो का, ५ म्हणजे वर्षभरात ऑपरेशन झालंय का किंवा जुन्या ऑपरेशनचा काही त्रास उरलाय का, आणि १० म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेली गोळी चालू आहे का. गर्भनिरोधक आणि मलेरियाच्या बहुतेक गोळ्या सोडल्या तर कुठलीही. मी रोज सकाळी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० घेतो. चाळिशी ओलांडलेल्या आपल्या मंडळींत गोळीच्या डबीशिवाय फिरणारे किती निघतील ते तुम्हीच मोजा.

संध्याकाळचे सात वाजलेले, खाओ लाकमधलं दुकान. मी मोठ्या प्रामाणिकपणे दहाव्या प्रश्नापुढे ‘हो’वर टिक केली. काउंटरवरच्या मुलीने काही न बोलता डॉक्टरच्या सहीचं पान काढून माझ्यापुढे सरकवलं. जवळचा दवाखाना बंद झाला होता आणि बोट सकाळी आठला होती. मी आमच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲप केलं. ते बिचारे जेवणावरून उठले आणि लेटरहेडवर ‘प्रवासास योग्य’ असं लिहून, शिक्का मारून फोटो पाठवला. उपयोग शून्य. त्या फॉर्मवरच, ‘डायव्हिंगला हरकत नाही’ या चौकोनात खूण आणि खाली सही, असंच लागतं. पैसे अर्धे परत मिळाले, तेही स्नॉर्केलिंगचे, म्हणजे नळीने श्वास घेत वरवर पोहण्याचे, वजा करून.

मेहुणा म्हणाला, ‘दाजी, नाही लिहायचं होतं ना.’ हा सल्ला तुम्हालाही कुणीतरी देईलच. देऊ दे. गळ्यापर्यंत पाण्यात उतरलं की हातापायांतलं अर्धा-पाऊण लिटर रक्त छातीकडे सरकतं, हृदयावर आणि फुप्फुसांवर दाब येतो. ज्यांचा रक्तदाब ताब्यात नाही त्यांच्या फुप्फुसांत पाण्यात असतानाच पाणी भरू शकतं. गोळी चालू असलेला माणूस डुबकी मारूच शकत नाही असं अजिबात नाही, मारतात. पण कुणी मारावी हे बघायला तो डॉक्टर आहे. शिवाय खोटं लिहिलंत आणि काही झालं तर विमावाले पहिल्यांदा हाच कागद मागतात.

म्हणून महिनाभर आधी फॉर्म नेटवरून उतरवून घ्या, छापा, आणि सगळी पानं डॉक्टरांसमोर ठेवा. सगळी, फक्त सहीचं नव्हे. आपल्या फॅमिली डॉक्टरांनी हा कागद बहुधा पाहिलेला नसतो. आमच्यांनी आधी विचारलं, ‘तुम्ही नेव्हीत चाललात का?’ ते ट्रेडमिल टेस्ट सांगतील, सांगितली तर करा. दमा, मधुमेह किंवा अँजिओप्लास्टी असेल तर ते कदाचित नाही म्हणतील. तो नकार इथे ऐकलेला बरा, तिथे धक्क्यावर पाच हजार बाट भरून ऐकण्यापेक्षा. आणि ‘आम्ही मालवणला केलंय की स्कूबा’ याचा इथे काही उपयोग नाही. तारकर्लीच्या पाण्यात हात धरून फिरवून आणलेल्या डुबकीचं कार्ड, म्हणजे डायव्हिंग शिकल्याचं ओळखपत्र, मिळत नाही, आणि मिळालं असतं तरी फॉर्म चुकला नसता.

आता कुठे जायचं. थायलंडला दोन किनारे आहेत आणि दोघांचे पावसाळे वेगळे, हे न बघता तिकीट काढणारे लोक मला दर वर्षी भेटतात. पश्चिमेला अंदमान समुद्र: फुकेत, क्राबी, खाओ लाक, फी फी, लांता. इथे आपल्यासारखाच नैऋत्य मोसमी पाऊस, मेपासून ऑक्टोबरपर्यंत. सिमिलन आणि सुरिन ही दोन्ही राष्ट्रीय उद्यानं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात. फुकेतची जुलैतली पॅकेजं स्वस्त का असतात ते आता कळलं असेल. फुकेत उघडं असतं, हॉटेलं उघडी असतात, फक्त समुद्र तुमच्या बाजूने नसतो. पूर्वेला थायलंडचं आखात: सामुई, फांगान, ताओ. इथला जोरदार पाऊस ईशान्येकडून येतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि नोव्हेंबर सगळ्यात वाईट.

आपल्याला सुट्ट्या दोनच, त्यामुळे हिशेब सोपा आहे. दिवाळीत पश्चिमेला जा, मेमध्ये पूर्वेला. दिवाळी लवकर आली तर सिमिलन नुकतं उघडलेलं असतं, पाणी अजून थोडं हलतं, पण चालतं. एका सहलीत दोन्ही किनारे करू म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की मधला एक अख्खा दिवस बस आणि फेरीत जातो, आणि दोन्हीकडे एकाच वेळी समुद्र चांगला असण्याचे महिने फार थोडे, फेब्रुवारी-मार्च म्हणा. तेव्हा मुलांच्या परीक्षा.

पश्चिमेला काय बघायचं? सिमिलन हा मलयमधल्या ‘नऊ’ या शब्दावरून आलेला शब्द, बेटं नऊ आणि दगड हत्तीएवढे. सुरिनजवळचा रिचेल्यू रॉक जाणत्यांसाठी. प्रवाह असतो, पहिल्या-दुसऱ्या डुबकीला हट्ट करू नका. नुसतं स्नॉर्केलिंगच करायचं असेल तर सुरिनसारखं ठिकाण नाही, छातीभर पाण्यातही प्रवाळ दिसतं. फी फीची माया बे फोटोपुरती. गर्दीने प्रवाळाची वाट लावल्यामुळे २०१८ मध्ये बंद केली, २०२२ मध्ये उघडली, आता तिथे पोहायला मनाई आहे आणि वर्षातून दोन महिने ती परत बंद असते. पोहता न येणाऱ्या किनाऱ्यासाठी दिवस घालवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

पूर्वेला ताओ. ताओ म्हणजे कासव, कोह म्हणजे बेट. शिकायचं असेल तर इथेच: उथळ, शांत, आणि दुकानांची एवढी गर्दी की भाव आवाक्यात राहतात. ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचं पहिलं कार्ड देणारा कोर्स, तीन-चार दिवसांचा, १८ मीटरपर्यंतचा. त्याची थिअरी घरी ऑनलाइन उरकून जा, नाहीतर कोह ताओच्या उन्हात एसी खोलीत बसून व्हिडिओ बघावे लागतील. (आणि कोर्सलासुद्धा तोच मेडिकल फॉर्म. तोच. सही घेतलीत का?) तिथे विमानतळ नाही, सामुईला उतरा नाहीतर चुम्फोनहून फेरी पकडा.

पूर्वेकडची एक भानगड म्हणजे टायटन ट्रिगरफिश. हातभर लांब, दात पुढे, आणि घरट्यावर असेल तर अंगावर धावून येणारा. त्याची हद्द घरट्यापासून वर नरसाळ्यासारखी रुंदावत जाते, म्हणून वर पळायचं नाही, आडवं निघायचं, फिन्स, म्हणजे पायांतले पोहायचे रबरी पंजे, त्याच्याकडे करून. दुसरी म्हणजे बॉक्स जेलीफिश. सामुई-फांगानच्या किनाऱ्यांवर तिच्या दंशाने माणसं दगावली आहेत. किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या टांगलेल्या दिसतील, त्या सॅलडसाठी नाहीत. अंगभर लायक्राचा घट्ट पोशाख घाला. त्याने ऊनही अडतं आणि सनस्क्रीन कमी लागतं, ते बरंच, कारण ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेलं सनस्क्रीन २०२१ पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत चालत नाही, दंड १ लाख बाटपर्यंत. आपल्याकडच्या ट्यूबवर मागे बारीक अक्षरात वाचून घ्या.

मास्क स्वतःचा घ्या, बाकी सगळं भाड्याने. नवा मास्क आतून टूथपेस्टने दोनदा घासा, कारखान्यातला थर निघाल्याशिवाय धुकं धरतोच. चष्मा असेल तर नंबरची काच बसवून घ्या किंवा मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घाला. चष्मा घरी ठेवून पाण्यात उतरलेल्या एका काकांना दाखवलेलं कासव त्यांना दगड वाटलं होतं, दगड कासव. आणि मिशी. मिशीवाल्यांचा मास्क गळतो, नाकाखालून थेंब थेंब पाणी आत येतं आणि नाकात जातं. पूर्ण काढायची नसेल तर नाकाखालची बोटभर पट्टी तरी कातरा. मी कातरली होती. कागद नव्हता, मिशी मात्र व्यवस्थित कातरलेली होती.

बोट लागत असेल तर गोळी आदल्या रात्रीच. पण एव्होमिनने झोप येते, आणि गुंगीत पाण्याखाली जाणं बरं नव्हे. कुठली गोळी घ्यायची हे त्याच डॉक्टरांना, त्याच भेटीत, तोच फॉर्म समोर असताना विचारा. एका फीमध्ये दोन कामं. सर्दी असेल तर डुबकी रद्द, वाद नाही. विमानात उतरताना कानाला दडे बसतात ना, तेच इथे पहिल्या एक-दोन मीटरमध्येच सुरू होतं, आणि रेटून खाली गेलात तर पडदा जातो. नाक चिमटीत धरून हळू फुंकायची सवय घरी लावा, दुखायच्या आधी फुंकायचं, दुखल्यावर नव्हे.

विमा: साध्या प्रवास विम्यात स्कूबा बहुतेक वेळा वगळलेलं असतं किंवा खोलीची अट असते. वाचा.

परतीचं विमान शेवटच्या डुबकीनंतर लगेच नको. एकच डुबकी असेल तर १२ तास, अनेक दिवस मारल्या असतील तर किमान १८. मी चोवीस धरतो. शेवटचा दिवस मसाज आणि खरेदीला ठेवा, घरचे खूशही होतात.

कॅमेरा: नवशिके असाल तर राहू द्या. २०२५ पासून थायलंडमध्ये पाण्याखाली कॅमेरा न्यायला ॲडव्हान्स्ड (ओपन वॉटरच्या पुढचं) कार्ड किंवा किमान ४० डुबक्यांची नोंद लागते, आणि तसंही पहिल्या डुबकीत दोन्ही हात रिकामे असलेले बरे.

शाकाहारी असाल तर बोटीवाल्यांना आदल्या दिवशी ‘जे’ म्हणून सांगा. नुसतं व्हेज म्हटलंत तर भाजीत नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, पडतंच. भडंग न्याच.

डिजिटल अरायव्हल कार्ड मे २०२५ पासून सक्तीचं आहे. पोहोचण्याआधी तीन दिवसांत सरकारी साइटवर भरा. फुकट आहे, पैसे मागणारी साइट खोटी. पासपोर्ट, बाट, टोपी, औषधं, ते तुम्हाला कळतं. प्रवाळावर उभं राहू नका, कशाला हात लावू नका, स्नॉर्केलिंगला लाइफ जॅकेट घाला, पोहता येत असलं तरी.

आमचं या मेमध्ये ताओ ठरलंय. फॉर्मच्या दोन प्रती काढल्यात, एक हातसामानात आणि एक बायकोच्या पर्समध्ये, फोटो फोनमध्ये वेगळा. मेहुण्यालाही पाठवला. गेल्या महिन्यापासून त्याला थायरॉइडची गोळी सुरू झाली आहे. दोनदा फोन करून विचारलं, म्हणतो, ‘घेतो दाजी सही, अजून वेळ आहे.’