सायकलने अजिंठ्याच्या डोंगरात निघण्याआधी

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्याकडे सायकली बाहेर निघतात. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर, मराठवाड्यात सायकलवर सामान लादून किल्ले बघायला एवढाच काळ खरा. सप्टेंबरात डोंगर हिरवागार असतो, धबधबे वाहत असतात, मोह होतोच. पण तेव्हा डांबर सोडून किल्ल्याच्या वाटेला लागलात की काळ्या रानातून जावं लागतं. ओली काळी माती टायरला चिकटते, तिच्यावर गवत चिकटतं, दोन-तीन फेऱ्यांत मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये लगदा बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. काडीने उकरायचं, दहा पावलं चालायचं, पुन्हा उकरायचं. पावसात जायचंच असेल तर मडगार्ड काढून ठेवा आणि एक बोथट चमचा हाताशी असू द्या. मार्च लागल्यावर मात्र निघूच नका, सकाळी दहालाच डांबर तापायला लागतं.

पहिल्यांदा जाणाऱ्याने छत्रपती संभाजीनगर, देवगिरी, खुलताबाद, वेरूळ, कन्नड, गौताळा, नागद, बनोटी, सोयगाव, वेताळवाडी, हळद्याचा घाट आणि अजिंठा असा फेरा धरावा. नकाशा उघडून आधी डोंगराचा आकार समजून घ्या, बाकीची तयारी त्यावरच ठरते. अजिंठ्याचा डोंगर दक्षिणेकडून येताना डोंगर वाटतच नाही, पठार हळूहळू वर येत राहतं. उत्तरेला तो एकदम तुटतो. कन्नडपर्यंत तुम्ही पठारावर असता, गौताळ्याच्या जंगलातून नागदकडे उतरलात की खालच्या सपाटीला लागता. उतरताना फार बरं वाटतं. पण जेवढं उतरलात तेवढं सगळं चौथ्या दिवशी, तीन दिवसांच्या थकल्या पायांनी, हळद्याच्या घाटात परत चढायचं असतं. म्हणून सोयगावचा मुक्काम लवकर गाठा आणि तो घाट सकाळच्या गारव्यातच संपवा.

निघायचा वार बुधवार. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. बुधवारी निघालात तर पहिल्या दिवशी देवगिरी करून संध्याकाळी वेरूळला मुक्काम, गुरुवारी सकाळी लेणी बघून कन्नड, शुक्रवारी गौताळा उतरून सोयगाव, शनिवारी वेताळवाडीचा किल्ला करून अजिंठा आणि रविवारी लेणी. अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत आपलं वाहन नेऊ देत नाहीत, शेवटचे चार किलोमीटर फाट्यावरून त्यांच्या बसने जावं लागतं. त्यामुळे लांब आणि मजबूत कुलूप लागेल. जाडजूड साखळी नको, चढाला तिचं ओझं फार होतं.

रोजचं अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास ठेवा, शुक्रवारी जरा जास्त पडेल. घराजवळ एका दिवसात शंभर मारणाऱ्यांना हे थोडं वाटतं. त्यांना माझं एकच सांगणं, देवगिरीला तीन तास द्या आणि मग बोला. शहरापासून किल्ला पंधराएक किलोमीटर, पाय अजून ताजे असतात. मग चांदमिनार, खंदकावरचा पूल, अंधारी म्हणजे काळोखी भुयारी वाट, आणि त्यानंतर संपता संपत नाहीत अशा पायऱ्या. यादवांची ही राजधानी १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने साऱ्या हिंदुस्थानची राजधानी करायला घेतली. ती कशाच्या भरवशावर, हे खंदकाच्या काठी उभं राहून सरळ तासून काढलेला कडा बघितला की कळतं. तो कडा घाईत बघून निघणं मला पटत नाही. खाली आल्यावर मांड्या भरून आलेल्या असतात आणि समोर खुलताबादचा घाट असतो. दिवस आखताना किल्ल्याची ही चढाई किलोमीटरमध्ये धरायलाच हवी. अंतूर किंवा सुतोंडा हे किल्ले मनात असतील तर प्रत्येकी एक दिवस वाढवा. सुतोंडा बनोटीजवळ आहे, निव्वळ कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांसाठीसुद्धा बघण्यासारखा आहे.

सायकल महिनाभर आधी मिस्त्रीकडे न्या. बारीक टायरची रेसिंग सायकल इथे नको, किमान ३५ मिलिमीटरचे टायर असू द्या. मागचा सर्वांत मोठा गियर पुढच्या सर्वांत छोट्या गियरएवढा किंवा त्याहून मोठा असेल तर ओझ्यासकट घाट बसून चढता येतो. ब्रेकचे पॅड नवे टाका आणि एक जोडी सोबत घ्या. गौताळा उतरताना वीस किलो ओझ्याची सायकल थांबवायची असते. मागच्या चाकाच्या तारा सारख्या ताणून घ्या, ओझं सगळं तिथेच येतं. कॅरियरचे नट घट्ट करून, निघायच्या आदल्या रविवारी सगळं सामान बांधून एकदा खुलताबादपर्यंत जाऊन या. काय खडखडतंय, कुठली पिशवी टाचेला लागतेय, ते त्या एका फेरीत समजतं.

पंक्चरचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथली खरी अडचण तीच आहे. रस्त्याकडेला बाभूळ आणि वेडी बाभूळ दोन्ही आहेत, शेताच्या बांधावर काट्यांच्या फांद्यांचं कुंपण असतं आणि तोडलेल्या फांद्या बैलगाडीवरून रस्त्यात पडतात. नागदच्या पुढे एकदा माझं मागचं चाक बसलं. ऊन चढत होतं म्हणून घाईने ट्यूब बदलली, हवा भरली, निघालो. अर्ध्या तासात नवी ट्यूबही बसली. टायर पूर्ण काढून आतून बोट फिरवलं तेव्हा लागला तो काटा. बाहेरून मोडलेला, आतल्या बाजूला जेमतेम दोन मिलिमीटर वर आलेला, डोळ्यांना दिसत नव्हता पण बोटाला टोचला. तेव्हापासून एक सुती फडकं आणि भुवया उपटायचा बारीक चिमटा माझ्या हत्यारांच्या पिशवीत कायम असतो. टायरच्या आतून फडकं फिरवायचं, जिथे धागा अडकेल तिथे काटा. दोन जादा ट्यूब, दहा-बारा पॅच, सोल्यूशनच्या दोन नळ्या (उघडलेली नळी चार दिवसांत सुकते), टायर काढायचे लिव्हर, हातपंप, एलन कीचा संच, चेन जोडायची कडी आणि जुन्या टायरचा वीतभर तुकडा. टायर फाटला तर तो तुकडा आतून लावून पुढच्या गावापर्यंत जाता येतं. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हवा मोटरसायकलच्या व्हॉलला भरता येते. तुमचा व्हॉल बारीक प्रेस्टाचा असेल तर त्यावर बसणारा पितळी अडॅप्टर विसरू नका.

पाणी माणशी चार लिटर, दोन बाटल्या सायकलला आणि बाकी पिशवीत. हापसा दिसला आणि त्याला पाणी आलं की भरून घ्या, पुढचा चालू असेलच असं नाही. किल्ल्यावरच्या टाक्यातलं पाणी गाळून, उकळून स्वयंपाकाला चालेल, तसंच पिऊ नका. एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे माप पाठ करून ठेवा. नुसतं पाणी पीत राहिलात तर घाटात पायात गोळे येतात. खाण्याचं फार लादू नका. पहिल्या दिवशी घरचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, पुढे गूळ, भाजलेले दाणे, खजूर. गावात भाकरी आणि पिठलं सांगितलं तर मिळतं, मात्र तासभर आधी सांगावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याचे दिवस असतात. शेतातून हाक आली तर थांबा.

किल्ल्यासाठीचं सामान वेगळ्या छोट्या पाठपिशवीत भरा म्हणजे पायथ्याला सगळं सामान उलगडत बसावं लागणार नाही. तळव्याला पकड असलेले बूट, डोक्याला बांधायची बॅटरी, शिट्टी, दोन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा सदरा. देवगिरीच्या अंधारीत वटवाघळं असतात आणि पायऱ्या ओल्या असतात. वेताळवाडीला तटावर गवत कमरेएवढं वाढतं, पाय टाकण्याआधी काठी टाका. कड्यांना आग्या मोहोळं लागलेली असतात, म्हणून अत्तर लावू नका, धूर करू नका आणि मोठ्याने ओरडू नका. देवगिरीवर खाण्याची पिशवी माकडांना दिसू देऊ नका.

आणि सायकल ठेवायची कुठे? झुडपात लपवून गेलेल्यांच्या पिशव्या गेलेल्या मी बघितल्यात. पायथ्याच्या गावात जा, ओट्यावर बसलेल्या थोरांना रामराम घाला, कुठून आलो, किती वेळात उतरू ते सांगा. वेताळवाडीत एका मावशींच्या अंगणात मी सायकल टेकवली तेव्हा त्यांनी कुलूप लावणारा माझा हात धरला. “काढ ते. माझ्या दारातून कोण नेतंय?” उतरायला दोन वाजले. सायकल उन्हात येईल म्हणून त्यांनी ती स्वतः ओढून गोठ्यात सावलीला नेली होती आणि सीटवर ओलं पोतं टाकलं होतं. मी पैसे काढले तेव्हा त्या रागावल्या. तेव्हापासून निघताना खडीसाखरेची दोन पाकिटं आणि लेकरांसाठी पेन्सिलींचा डबा घेतो. ओझं अर्धा किलोसुद्धा होत नाही.

गौताळ्याचं अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचं आहे, तिथे बिबट्या आहे. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा आणि दिवस मावळायच्या पुष्कळ आधी बाहेर पडा. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य बुडतो. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, पुष्कळांना मागचा दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. ट्रॅक्टर मागून आला की खाली उतरून उभं राहा, त्यात कमीपणा नाही. धनगरांच्या मेंढ्या दिसल्या की पायउतार व्हा आणि सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरून चाला. हेल्मेट, आधार कार्ड, सुट्टे पैसे (डोंगराखाली मोबाइलला रेंज जाते, मग ऑनलाइन पैसे द्यायची सोय राहत नाही), रोजची औषधं, पट्टी, ११२ आणि १०८ हे दोन क्रमांक. रेल्वेने येणाऱ्यांनी सायकल पार्सलमधून आणावी लागते हे धरून एक दिवस आधी पोहोचावं.

घाट नकोच असेल तर बालाघाटातून तुळजापूर ते नळदुर्ग ही पस्तीसेक किलोमीटरची वाट घ्या. बोरी नदीवरचा बांध आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल बघायला अख्खी दुपार ठेवा. फक्त कोजागिरीच्या आसपास जाऊ नका. तेव्हा तुळजापूरचे सगळे रस्ते पायी चालणाऱ्या भाविकांचे असतात, आणि ते त्यांनाच मोकळे सोडावेत.

मंगळवारी रात्री हवा दाबून बघा, बाटल्या भरून सायकलला लावा, धपाटे फडक्यात बांधा. पहाटे सहाला शहरातल्या छावणी भागातून बाहेर पडलात तर मिटमिट्याच्या पुढे उजाडतं आणि देवगिरीचा दरवाजा उघडण्याआधी शरणापूर फाट्यावर निवांत चहा होतो.