ऐंशी फूट वायर

आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून २०११ मध्ये मी नाशकात एका केबलवाल्याकडे हेल्पर म्हणून लागलो. पहिले सहा महिने शिडी धरायची, वायरीचं बंडल खांद्यावर वाहायचं आणि एक तारीख उलटली की घरोघर फिरून पैसे गोळा करायचे, एवढंच काम. या लाइनीत नव्याने येणारी पोरं आता मला विचारतात, आधी काय शिकू? मी त्यांना गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यातलं काम सांगतो. ते मी तीनदा केलं, त्यातलं दोनदा चुकीचं.

बंगल्याचे मालक कारखान्यातून निवृत्त झालेले काका. मागच्या अंगणात वेगळं गॅरेज, त्यात एक जुनी स्कूटर, बेंच ग्राइंडर आणि लोखंडी टेबल. काकांचा दिवस तिथेच जायचा. मॅच बघत स्कूटर खोलता यावी, म्हणून त्यांना गॅरेजात टीव्ही हवा होता. बंगल्याच्या भिंतीपासून गॅरेजच्या भिंतीपर्यंत ऐंशी फूट. साल २०१३. त्या ३१ मार्चला नाशिकसारख्या शहरांमधलं केबलचं डिजिटायझेशन लागू झालं होतं आणि आम्ही सगळे सेट टॉप बॉक्स बसवून बसवून थकलो होतो. दुसऱ्या टीव्हीला दुसरा बॉक्स लागतो, हे काकांना पटवण्यातच अर्धा तास गेला. एकाच बॉक्समधून दोन्हीकडे चित्र नेता येतं, पण मग हॉलमध्ये काकू जी मालिका लावतील तीच गॅरेजात दिसणार. हे ऐकल्यावर त्यांनी दुसऱ्या बॉक्सचे पैसे मुकाट्याने काढून दिले.

आमचे सीनियर लाइनमन, त्यांना सगळे मामा म्हणायचे, त्या दिवशी गावाला गेले होते. मी एकट्यानेच उरकलं. जुन्या अॅनालॉग काळातली उरलेली बारीक आरजी-५९ वायर गाडीत होती. ही कोअॅक्स वायर, म्हणजे मधे तार, तिच्याभोवती पांढरं प्लास्टिक, त्यावर धातूची जाळी आणि सगळ्यात वर साल. दोन तुकडे जॉइनर लावून जोडले, वर काळी टेप गुंडाळली. हॉलमधल्या टीव्हीमागे आधीच चार तोंडांचा स्प्लिटर, म्हणजे एक लाइन चार ठिकाणी वाटणारा डबा होता, त्याच्या रिकाम्या तोंडातून लाइन घेतली आणि गच्चीच्या कठड्यावरून, आंब्याच्या फांदीला बांधून, गॅरेजच्या पत्र्यावर उतरवली. चित्र झकास आलं. काकांनी चहा पाजला.

पहिला पाऊस झाला आणि तक्रार आली. गंमत अशी की सगळे चॅनेल जात नव्हते, ठरावीकच फुटत होते. अॅनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, हळूहळू वाढायच्या, आपल्याला आधी कळायचं. डिजिटलमध्ये तसं नाही. काठावर उभं असेपर्यंत चित्र स्वच्छ दिसतं आणि एक पाऊल चुकलं की चौकोन पडतात, आवाज तुटतो. मी लावलेली लाइन पहिल्या दिवसापासून काठावरच होती.

हिशोब अगदी साधा आहे, तो पाठच करून टाका. चांगली आरजी-६ वायर ७५० मेगाहर्ट्झच्या आसपास शंभर मीटरला साधारण १८-१९ डीबी (डेसिबल, सिग्नल किती घटला ते मोजायचं माप) खाते, पण ५५ मेगाहर्ट्झला जेमतेम पाच. म्हणजे लाइन लंगडी झाली की वरच्या फ्रीक्वेन्सीचे चॅनेल आधी मरतात. आरजी-५९ त्याहून जास्त खाते, जाड आरजी-११ बरीच कमी. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडाला साडेतीन-चार डीबी घेतो, चार तोंडांचा सात-आठ. मी सात-आठ डीबी एका फटक्यात घालवून वर बारीक वायर लावली होती. बंगल्यात लाइन शिरते तिथेच दोन तोंडांचा स्प्लिटर लावून एक फाटा थेट गॅरेजला दिला असता तर सिग्नल वाढवणाऱ्या अॅम्प्लिफायरचा विचारही करावा लागला नसता. आणि तो कधी लावावाच लागला तर बंगल्याच्या टोकाला लावा. गॅरेजच्या टोकाला लावलात तर वाटेत मेलेला सिग्नल आणि त्याच्यासोबत आलेला कचरा, दोन्ही मोठे होतात.

जॉइंट उघडला तर आत पाणी. वायर कापत मागे गेलो. एक फुटावर जाळी काळी, दोन फुटांवरही काळी. वायरीच्या आतली जाळी दिव्याच्या वातीसारखं पाणी ओढून घेते. बाहेर वरून नीट दिसणारी वायर आतून किती सडली आहे, हे कापल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो होतो, म्हणजे मला तसं वाटत होतं. अखंड आरजी-६ घेतली. बंगल्यातून गॅरेजला जाणारी लाइटची वायर जमिनीखालच्या पाइपातून गेली होती आणि त्या पाइपात जागाही होती. त्यातूनच आपली वायर ओढली. खोदकाम वाचलं म्हणून खूश होतो. गॅरेजात ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून बॉक्सला कनेक्टर लावायला गेलो तर बोटांत झिणझिण्या आल्या. "थोडा करंट तर सगळ्याच बॉक्सना असतो," असं काकांना सांगून मी निघालो.

संध्याकाळी मामांना हे सांगितलं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि मला गाडीवर मागे बसवून परत तिथेच नेलं. आधी काकांना सांगून गॅरेजचा मेन बंद करवला, मग माझ्याकडे वळले. लाइटच्या वायरीचं साल पाइपात कुठे खरचटलं तर २३० व्होल्ट जाळीवर येतील, आणि ती जाळी कुठे जाते? हॉलच्या टीव्हीला. तिथून आमच्या लाइनीवर. तिथून शेजारच्यांच्या घरात. मी आतापर्यंत वायर म्हणजे मधली तांब्याची तार समजत होतो, कारण चित्र तिच्यातून येतं असं शिकलो होतो. बाहेरची जाळी म्हणजे माझ्या लेखी नुसतं पांघरूण. पण दोन इमारतींमध्ये कोअॅक्स ओढता तेव्हा ती जाळी म्हणजे दोन्हीकडच्या अर्थिंगला जोडणारी उघडी तार असते. एकीकडे काही बिघडलं की ते दुसरीकडे पोचवायला ती तयारच.

टू-पिन अडॅप्टरच्या बॉक्सला खरोखरच थोडी गळती असते, मी अगदीच खोटं बोललो नव्हतो. पण ती गळती आहे की खरा फॉल्ट, हे बोटाला कळत नाही. दुसऱ्या दिवशी परवाना असलेला वायरमन आला. गॅरेजच्या बोर्डाला फेज आणि न्यूट्रल या दोनच तारा होत्या, अर्थ नव्हतीच. ग्राइंडरची बॉडी लाइव्ह होती, ग्राइंडर लोखंडी टेबलावर, आणि त्याच टेबलावर आमचा पत्र्याचा बॉक्स. काका रबरी सपाता घालून काम करायचे म्हणून इतके दिवस निभावलं होतं.

तिसऱ्या वेळी काम मामांनी करवून घेतलं. वायरमनने बंगल्यापासून तीन तारांची नवी केबल टाकली, बंगल्याचीच अर्थ गॅरेजपर्यंत नेली आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच, बसवला. गॅरेजला वेगळा अर्थिंगचा रॉड ठोकू का, असं मी विचारलं. मामा म्हणाले, ठोकून तसाच सुटा ठेवलास तर उलट वाईट. जवळपास वीज पडली की दोन रॉडमध्ये व्होल्टेजचा फरक येतो आणि तो फरक तुझ्या जाळीतून धावतो. आमची जाळी बंगल्यात शिरते तिथे ग्राउंड ब्लॉक, म्हणजे जाळीला अर्थची तार जोडायचा जॉइनर, लावून त्याच अर्थला जोडली. तरीही वळवाच्या दिवसांत गडगडायला लागलं की कनेक्टर काढून ठेवा, असं काकांना बजावलं. अर्थिंग असली म्हणजे वीज घाबरते असं नाही.

खोदकाम मी एकट्याने केलं, शिक्षा म्हणून. दीड फूट चर, लाइटच्या पाइपापासून फूटभर लांब, जिथे ओलांडावा लागला तिथे काटकोनात. पंचवीस मिलिमीटरचा पाइप, वळणं मोठी, कारण आरजी-६ ला सात सेंटिमीटरपेक्षा लहान वळण दिलं की आतलं पांढरं चेपतं. जमिनीत टाकायला जेल भरलेली वायर वेगळी मिळते, तीच घेतली. भिंतीची भोकं बाहेरच्या बाजूला उतरती पाडली आणि आत शिरण्याआधी वायरीला खाली झोका दिला, म्हणजे पाणी तिथून टपकून जातं.

कनेक्टरचं मात्र मी कितीही सांगितलं तरी हाताला सवय झाल्याशिवाय उपयोग नाही. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर तीन मिलिमीटर, पांढरं आत बुडाशी सपाट, जाळी मागे दुमडलेली. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तरी लाइन शॉर्ट. घट्ट करायला अकरा नंबरचा पाना, बोटांनी नाही. मामांनी मला उरलेल्या तुकड्यांवर पन्नास कनेक्टर करायला लावले होते आणि एकेक कापून आतून बघितला होता. नव्या पोरांकडून मीही तेच करून घेतो. आणखी एक सवय लावा : मधल्या तारेला चुंबक लावून बघा. चिकटलं तर आत पोलाद आहे आणि वर तांब्याचा मुलामा. केबलच्या सिग्नलला ते चालतं, पण डीटीएचमध्ये त्याच तारेतून एलएनबीला, म्हणजे छत्रीवरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्ट जातात, तिथे लांब अंतराला व्होल्टेज पडतं.

चर बुजवण्याआधी मामांनी शेजारी एक रिकामा पाइप टाकायला लावला, आत नायलॉनची दोरी घालून, दोन्ही तोंडं बंद करून. मला वाटलं, ही शिक्षेचीच पुढची पायरी.

२०२० मध्ये काकांच्या नातवाचे ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि त्याला गॅरेजात इंटरनेट हवं झालं. तोवर आम्हीही घरोघर फायबर टाकायला लागलो होतो. आधाराला लोखंडी तारेऐवजी एफआरपीची, म्हणजे कडक प्लास्टिकची काडी असलेली वायर मुद्दाम घेतली, म्हणजे या वायरीत धातू असा नाहीच. दोरीला बांधून ओढली. अर्धी आत गेल्यावर अडकली, कारण मी तेव्हा गॅरेजकडचं तोंड नीट बंद केलं नव्हतं आणि आत मुंग्यांनी माती भरली होती. पाणी मारून, दोरी मागेपुढे करून तासाभराने सुटली. मामा तेव्हा रिटायर होऊन गावी गेले होते. त्यांना फोन केला तर त्यांनी पहिलं विचारलं, "ग्राइंडर अजून त्याच टेबलावर आहे का?"