ऑक्सिडीकरण की क्षपण? बोर्डोच्या टाकीवर ओळखा, या चुका टाळा

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांवरच्या डाउनी या बुरशीरोगासाठी बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना यांचं फवारणीचं मिश्रण, कालवताना जे घडतं, त्यात दहावी-अकरावीची मुलं ऑक्सिडीकरण-क्षपणाच्या धड्यात करतात त्या बहुतेक चुका सापडतात.

कळीचा चुना पाण्यात पडला की रटरटतो, वाफा निघतात. चुना म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइड, त्यात एवढी उष्णता. मुलं ‘ऑक्सिडीकरण’ लिहून मोकळी! पण कॅल्शिअमचा ऑक्सिडीकरण अंक (अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले वा मिळवले असं धरायचं, ते सांगणारा अंक) चुना विझण्याआधी +२ आणि नंतरही +२. ऑक्सिजन -२, हायड्रोजन +१, तेही जागचे हलले नाहीत. अंक हलला नाही, तर रेडॉक्स (ऑक्सिडीकरण-क्षपण) नाही.

रंगही असाच फसवतो. मोरचुदाच्या द्रावणात चुन्याचं पाणी मिसळलं की आकाशी साका तयार होतो. तांबं मात्र +२ वरच असतं; हे नुसतं दुहेरी विस्थापन.

खरी गंमत पुढे आहे. मिश्रणात चकचकीत लोखंडी पातं मिनिटभर बुडवून बघतात. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, मोरचूद मोकळं आहे. लोखंडाने दोन इलेक्ट्रॉन सोडले, शून्यावरून +२ झालं: ऑक्सिडीकरण. तांब्याने ते घेतले, +२ वरून शून्यावर आलं: क्षपण. सल्फेटमधला ऑक्सिजन या व्यवहारात कुठेच नाही, तरी निम्मी मुलं त्यालाच शोधत बसतात. मोरचूद लोखंडी भांड्यात का भिजवत नाहीत, तेही इथेच कळतं.

इलेक्ट्रॉन मिळाले म्हणजे अंक वाढला, असं धरू नका. इलेक्ट्रॉन ऋणभारित, म्हणून मिळाले की अंक घटतो.

सगळ्यात जास्त गुण जातात ते ‘क्षपणक कोण?’ या प्रश्नावर. क्षपण तांब्याचं झालं, म्हणून मुलं तांबं लिहितात. क्षपणक दुसऱ्याचं क्षपण घडवतो आणि स्वतः ऑक्सिडीकृत होतो. म्हणजे इथे लोखंड. ऑक्सिडक, म्हणजे दुसऱ्याचं ऑक्सिडीकरण घडवणारा, लिहिताना नुसतं ‘तांबं’ नको, ‘कॉपर सल्फेट’ लिहा.

रेणूतल्या सगळ्या अंकांची बेरीज शून्य येत नसेल तर ऑक्सिजन डोळे झाकून -२ धरलाय का ते बघा. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तो -१ असतो. त्याचं विघटन झालं की तोच ऑक्सिजन पाण्यात -२ आणि वायूत शून्य होतो, म्हणजे ऑक्सिडीकरण आणि क्षपण दोन्ही एकाच मूलद्रव्याचं.