छातीवर दडपण आणि सकाळ होण्याची वाट: हृदयाच्या बाबतीत या चुका टाळा

तातडीच्या विभागात ईसीजी काढणं हे माझं काम. पेशंटला आडवं करायचं, शर्टाची बटणं उघडायची, छातीवर सहा आणि हातापायांना चार इलेक्ट्रोड लावायचे, मशीनचं बटण दाबायचं. कधी कधी कागद बाहेर यायच्या आधीच अंदाज येतो, कारण इलेक्ट्रोड चिकटतच नाहीत. छाती घामाने निथळत असते. गॉझने पुसावं तर दुसऱ्या मिनिटाला पुन्हा ओली. अंग गार, पंखा चालू, तरी घाम. शेजारी उभा असलेला मुलगा सांगतो, "रात्री अडीचपासून बाबांना असंच होतंय. अ‍ॅसिडिटी वाटली म्हणून सकाळपर्यंत थांबलो." भिंतीवरच्या घड्याळात साडेसात वाजलेले असतात.

या पाच तासांत नेमकं काय झालं ते सांगतो. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या एखाद्या वाहिनीत आतून साठलेला चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. हाच हृदयविकाराचा झटका. साधारण अर्ध्या तासात त्या भागातल्या पेशी कायमच्या मरायला लागतात. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही, तिथे व्रण राहतो. रुग्णालयात पोचल्यापासून नव्वद मिनिटांच्या आत फुग्याने वाहिनी उघडावी, असं डॉक्टरांचं उद्दिष्ट असतं. ती सोय जवळ नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. त्याचा उपयोग त्रास सुरू झाल्यापासून साधारण बारा तासांपर्यंत होतो, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत. आमच्याकडे सगळे मिनिटं मोजत धावपळ करतात, आणि घरी आधीच पाच तास गेलेले असतात.

"अ‍ॅसिडिटीच असेल"

मी डॉक्टर नाही, पण हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की त्याची चीड येते. हृदयाचा खालचा भाग पोटापासून फक्त एका पडद्याने वेगळा झालेला असतो. त्या भागाला झटका आला तर मळमळ, उलटी, पोटाच्या वरच्या भागात जळजळ अशीच तक्रार असू शकते. ढेकर आल्यावर बरं वाटलं किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळीने उतार पडला, एवढ्याने हृदय निर्दोष ठरत नाही. तपासणीशिवाय हा फरक अनुभवी डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही, तर अंधारात पलंगाच्या कडेवर बसून आपण कसा सांगणार?

"दुखतंय का?" असं विचारलं तर पुष्कळजण "नाही" म्हणतात. खोटं बोलत नसतात. त्यांना दुखत नसतं, दडपण असतं. "कोणीतरी छातीवर बसलंय", "आवळल्यासारखं होतंय", "जड झालंय" असे शब्द येतात, आणि सांगता सांगता हाताची मूठ छातीच्या मधोमध जाते. या मुठीला वैद्यकात नाव आहे, सॅम्युअल लेव्हाइन या हृदयतज्ज्ञाचं. याउलट एका बोटाने नेमकी जागा दाखवता येते, दाबलं की दुखतं, खोल श्वासाने टोचतं, अशा दुखण्याचं मूळ बहुधा दुसरीकडे असतं. हे "बहुधा" मात्र नीट वाचा. त्याच्या भरवशावर घरी थांबू नका. छातीतलं दडपण विश्रांती घेऊनही पाच मिनिटांत ओसरलं नाही, किंवा सोबत घाम, धाप, मळमळ आहे, तर रुग्णवाहिका बोलवा. पुढे अ‍ॅसिडिटी निघाली तर उत्तमच. आमच्याकडे त्यासाठी कोणी रागावत नाही.

छातीत दुखलं नाही म्हणजे हृदय नाही, असं धरणं

एक बाई महिनाभर दाताच्या दुखण्याने हैराण होत्या. खालचा जबडा, डावी बाजू. दाताचा एक्स-रे काढला, काही सापडलं नाही. ईसीजीसाठी आल्या तेव्हा बोलता बोलता म्हणाल्या, "गंमत बघा, जिना चढताना दुखतं आणि वर जाऊन उभी राहिले की थांबतं." दाताला जिना कसा कळणार! ते दुखणं हृदयाचं होतं.

चालताना, चढ चढताना येणारं आणि थांबलं की जाणारं हे दुखणं विल्यम हेबर्डन या डॉक्टरांनी १७६८ साली लंडनमध्ये मांडलं आणि त्याला अँजायना हे नाव दिलं. इतक्या वर्षांनंतरही ओळखण्याची खूण तीच: श्रमाने येतं, विश्रांतीने जातं. जागा छातीच असेल असं नाही. जबडा, मान, खांदा, डावा किंवा दोन्ही हात, पाठ, पोटाचा वरचा भाग, कुठेही. बायकांमध्ये, वयस्कर माणसांमध्ये आणि मधुमेह असणाऱ्यांमध्ये तर कधी नुसतीच धाप लागते किंवा कारण नसताना विलक्षण थकवा येतो. मधुमेहात वेदना पोचवणाऱ्या नसाच दुबळ्या झालेल्या असतात, त्यामुळे झटका येऊन जातो आणि पत्ता लागत नाही. असे जुने व्रण मी दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या ईसीजीत पाहिलेत. माणूस म्हणतो, "मला कधीच काही झालं नाही."

अँजायना असलेल्यांची एक वेगळी चूक असते: सवय होते. "मला हे नेहमीचंच आहे." नेहमीचंच असेल तर ठीक, डॉक्टरांच्या नजरेखाली चालू राहील. पण आधी दोन जिन्यांनी दुखायचं ते आता अर्ध्या जिन्याने दुखतं, बसल्या जागी येतं, झोपेतून उठवतं, जास्त वेळ टिकतं, असं झालं तर ते नेहमीचं राहिलेलं नाही. झटक्याच्या उंबरठ्यावरची ही अवस्था असू शकते. पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

एक ईसीजी नॉर्मल आला की घरी जाणं

माझ्याच कामाबद्दल सांगतो, त्यामुळे मोकळेपणाने बोलतो. नेहमीचा ईसीजी म्हणजे हृदयाच्या कामाची दहा सेकंदांची नोंद. त्या दहा सेकंदांत जे दिसलं तेवढंच कागदावर येतं. झटक्याच्या सुरुवातीला तो अगदी स्वच्छ निघू शकतो. म्हणून दुखणं चालू असेल तर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात. हृदयाच्या स्नायूतून रक्तात उतरणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाचंही तसंच. स्नायूला इजा झाल्यावर ते वाढायला काही तास लागू शकतात, त्यामुळे एकदा ठीक आलं तरी ठरावीक अंतराने पुन्हा तपासतात. "आत्ताच तर काढला, पुन्हा कशाला?" असं म्हणून निघून जाणारे असतात. त्यातले काही संध्याकाळी स्ट्रेचरवरून परत आलेले मी पाहिलेत.

गेल्या महिन्यातल्या ट्रेडमिल टेस्टचा दाखला देणारेही भेटतात. श्रमात रक्त अडण्याइतकी वाहिनी अरुंद झाली असेल तर ती चाचणी साधारण सांगते. वाहिनीतला चरबीचा थर पातळ असूनही फुटू शकतो, आणि तो कधी फुटेल हे ट्रेडमिलला कळत नाही.

एक फुकटचा उपाय: आपल्या जुन्या ईसीजीचा स्पष्ट फोटो फोनमध्ये ठेवा. काहींचा ईसीजी मुळातच थोडा वेगळा असतो. जुना समोर असला की आजचा बदल नवा की जुना, हे डॉक्टरांना लगेच ठरवता येतं.

स्वतः गाडी चालवत येणं, आणि वाटेतले इतर उद्योग

झटका आला की पहिल्या तासा-दोन तासांत हृदयाची लय अचानक बिघडून ते नुसतं थरथरत राहण्याचा धोका सगळ्यात जास्त. स्टिअरिंगवर हे झालं तर काय? रुग्णवाहिका बोलवायची ती वेगासाठी कमी आणि तिच्यातल्या शॉक देणाऱ्या मशीनसाठी जास्त. ती येईपर्यंत माणसाला टेकून बसवा, चालवू नका, जिना उतरवू नका, दाराची कडी काढून ठेवा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, रक्तस्रावाचा त्रास नसेल आणि फोनवरचे आरोग्य कर्मचारी हो म्हणत असतील तर ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या. नुसती गिळली तर परिणामाला वेळ लागतो.

अँजायनासाठी जिभेखाली ठेवायची गोळी मात्र दुसऱ्याच्या डबीतून देऊ नका. ती रक्तदाब पाडते, आणि काही प्रकारच्या झटक्यात तो आधीच पडलेला असतो. लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल तर दोन्ही मिळून जिवावर बेततं. पुरुष हे बायकोसमोर सांगत नाहीत. नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारावं लागतं.

"जोरजोरात खोकत राहा, हृदय चालू राहील" हा फोनवर फिरणारा सल्ला विसरून जा. हृदय खरोखर बंद पडलं तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, खोकणार कोण? हाक मारून, हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा अधूनमधून नुसते आचके येताहेत (आचके म्हणजे श्वास नव्हे, इथे फार लोक फसतात), तर मदतीला फोन लावून लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी दाबायला लागा. पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. चुकेल म्हणून घाबरू नका.

"आता वय झालं"

आधी एक उशी, मग दोन, मग तीन, शेवटी खुर्चीत बसूनच झोप. संध्याकाळी मोज्याचा वळ पायावर खोल उमटतो, बोटाने दाबलं तर खळगा राहतो. आडवं झालं की खोकला. घरच्यांना यात वय दिसतं, आम्हाला थकलेलं हृदय. इंग्रजी नावावरून लोकांना वाटतं हार्ट फेल म्हणजे हृदय बंद पडलं. तसं नाही, ते चालू असतं पण गरजेइतकं रक्त पुढे ढकलत नाही, आणि पाणी फुप्फुसांत, पायांत साचतं. औषधांनी यात पुष्कळ फरक पडतो. निदान झालेल्यांनी रोज सकाळी लघवी झाल्यावर वजन करावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. डॉक्टरांना कळवा. गुडघेदुखीची वेदनाशामक गोळीही परस्पर घेऊ नका, बऱ्याच गोळ्या शरीरात पाणी धरून ठेवतात.

धडधडीची गोष्ट वेगळी. इथे पोचेपर्यंत ती थांबलेली असते आणि माझा कागद नॉर्मल येतो. म्हणून होत असतानाच मनगटावर नाडी पूर्ण मिनिटभर मोजा: किती, आणि ठेका नियमित आहे की वेडावाकडा. अनियमित ठेका हलक्यात घेऊ नका. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे वेडेवाकडे थरथरतात तेव्हा, हृदयात गुठळी तयार होऊन पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. आणि पळताना किंवा खेळताना शुद्ध हरपली, तर वय कितीही कमी असो, "उपाशी होता" म्हणून सोडून देऊ नका, विशेषतः घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर.

बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद

वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही, त्यामुळे "मला त्रास नाही" याला अर्थ नाही. गोळीने आकडा नीट झाला म्हणजे गोळी काम करते आहे. स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवलेल्यांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, पहिल्या काही महिन्यांत तर हा धोका फारच. दात काढायचा असेल तर दातांच्या डॉक्टरांना स्टेंटबद्दल आधी सांगा. त्यासाठी या गोळ्या बहुतेक वेळा बंद कराव्याच लागत नाहीत, आणि करायच्या की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरतं.